चिमणी उड, म्हैस उड

(अंगणवाडीचं अंगण. गोलात बसलेली लेकरं, बोटं जमिनीवर टेकलेली.)

चिमणी उड! कावळा उड! म्हैस उड!

लाल फ्रॉकवाल्या पोरीचं बोट बघा. वय साडेतीन. म्हैस उडत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, घरी दावणीला म्हैसच आहे. तरी बोट वर गेलं. शेजारचा पोरगा पाच वर्षांचा. त्याचंही बोट निघालंच होतं, पण त्यानं ते दाबून धरलं.

बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या कुशीतल्या या वस्तीवर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.

कपाळामागचा मेंदूचा भाग फार सावकाश पिकतो, पार पंचविशीपर्यंत. पण तीन ते पाच या वयात त्याची झेप मोठी असते. नियम डोक्यात धरायचा, उसळलेला हात आवरायचा, नियम बदलला की आपणही वळायचं, ही कामं मुख्यतः त्याच्या जिवावर चालतात. शास्त्रज्ञ त्यांना कार्यकारी क्षमता म्हणतात.

ताईंनी आता डाव उलटवला. जे उडत नाही, त्यालाच बोट उचलायचं. बघा गोंधळ!

प्रयोगशाळेत हेच पत्त्यांवर करतात. आधी चित्र बघून लावायचे: ससा इकडं, होडी तिकडं. मग सांगायचं, आता रंग बघून लाव. तीन वर्षांचं मूल नवा नियम तोंडानं बरोबर सांगतं, हात मात्र जुन्याच ढिगाकडं जातो. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना जमतं. ‘ऐकतच नाही’ म्हणून धपाटा घालण्याआधी एवढं आठवावं.

‘ताई, लेकराला ल्हायला कवा शिकवणार?’ हा प्रश्न इथं रोज येतो. आम्हाला वाटतं, विषामृत हाच या वयाचा अभ्यास आहे. ‘विष’ मिळालं की जागीच थिजायचं, पाय कितीही शिवशिवले तरी.

दिवाळीच्या सुमाराला यातली काही लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातील, काही आजीपाशी राहतील. सततचा ताण मेंदूच्या याच भागाला सोसत नाही.

(पुन्हा गोल. नियम पहिलाच.)

लाल फ्रॉकवालीनं दोन्ही हात मांडीखाली घातलेत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी मुलांना खाऊसमोर थांबायला बसवलं, तेव्हा कुणी डोळे झाकले होते, कुणी गाणं म्हटलं होतं. हिला हे कुणी शिकवलं नाही.

म्हैस उड! हात मांडीखालीच.

कावळा उड! तरीही मांडीखालीच.