ऱ्हो खालून वर जातो

खडू कुठे टेकतोय ते आधी बघा. खालच्या रेघेच्याही खाली टेकला, तिथून सरळ वर गेला, उजवीकडे वळून पोट काढलं आणि परत दांडीला येऊन मिळाला, एकदाही उचलला नाही. हा ऱ्हो, ग्रीक अक्षर, फिजिक्समध्ये घनतेचं चिन्ह. आता ही समोरची वही बघा, ह्याने आधी दांडी वरून खाली ओढली, मग पेन उचलून वर पोट चिकटवलं, म्हणजे झाला इंग्रजी पी. आणि पी म्हणजे प्रेशर, द्रवाच्या दाबाच्या सूत्रात तर हे दोघं एकाच ओळीत येतात.

गिरगावातली चाळ, रविवारची सकाळ. बाईंनी फिजिक्स शिकवण्यात आयुष्य काढलं, आता रिटायर झाल्यात, आणि अकरावी सायन्सच्या ह्या पोरांना चाररेघी वही घेऊन बोलावतात. दहावीपर्यंत पाय, थिटा आणि वर्गसमीकरणाची मुळं म्हणून अल्फा-बीटा, अशी थोडीच ओळख असते, मग अकरावी-बारावीत लॅम्डा, म्यू, ओमेगा सगळे एकदम अंगावर येतात आणि लिहायचे कसे ते कोणी सांगत नाही, फळ्यावर बघा आणि उतरवा. एबीसीडी गिरवायला आपण पोरांना वर्ष देतो की, ह्या २४ ग्रीक अक्षरांना एक रविवार द्यायला काय हरकत आहे?

अल्फा म्हणजे आडवं पापलेट. शेपटीच्या वरच्या टोकापासून निघा, खाली येत डोक्याला वळसा घाला, वरून परत येऊन शेपटीच्या खालच्या टोकाला सोडा. पोरं आधी गोल काढतात आणि मग शेपटी जोडतात, बाई लगेच हात धरतात.

क्साय मात्र सगळ्यांना छळतो. वरून सुरुवात, डावीकडे एक पोट, मध्ये छोटीशी घडी, परत डावीकडे दुसरं पोट, आणि मग शेपूट रेघेखाली. एकच पोट काढलं तर झीटा होतो. आपला हात शिरोरेघेला अक्षरं लटकवायला शिकलेला, रेघेखाली शेपट्या सोडायची त्याला सवयच नाही, म्हणून ती चौथी रेघ महत्त्वाची.

आता हे नाणं. नहपान ह्या क्षत्रपाचं, म्हणजे शक राज्यकर्त्याचं, चांदीचं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली अशी १३ हजारांहून जास्त नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने परत स्वतःचा छाप मारलेला. राजाच्या चेहऱ्याभोवती बघा, ग्रीक अक्षरं आहेत, भाषा मात्र इथली प्राकृत. नहपानानंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर हीच अक्षरं बिघडत बिघडत नुसती नक्षी होऊन गेली, कारण साचा कोरणारा बघून उतरवत होता, अक्षर त्याला येत नव्हतं. आमच्या मते अकरावीच्या वहीत रोज हेच होतं.

मोठी अक्षरं दगडात कोरायची होती, म्हणून त्यांच्यात सरळ रेघा जास्त. लहान अक्षरं लेखणीची. नवव्या शतकाच्या सुमारास बायझंटाईन लेखनिक पोथ्या उतरवायला ती वापरायला लागले, भरभर, हात कमीत कमी उचलून, त्यामुळे ती अशी वळणावळणाची. (मोडीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

आता ह्या मुलीचा न्यू बघा. डावीकडून सरळ खाली, तळाला टोक, वर जाताना उजवीकडे बाक. लाटेच्या सूत्रात वेगाचा व्ही एका बाजूला आणि फ्रिक्वेन्सीचा न्यू दुसऱ्या बाजूला, दोन्ही सारखेच काढले तर नंतर आपल्यालाच आपलं वाचता येत नाही. मार्क जातात ते तर आहेच.

पुढच्या रविवारी मोठी अक्षरं. त्यातली १४ तर थेट इंग्रजीसारखी दिसतात, पोरं खूश आहेत. मोठा ऱ्हो हुबेहूब पी आणि मोठा ईटा हुबेहूब एच, हे बाईंनी अजून सांगितलेलं नाही.