आरक्षण पडलं, पण जागा कुणाची?

शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशावर, म्हणजे कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे मैदान हे ठरवणाऱ्या नकाशावर, एखादा छोटा चौकोन दिसतो. ती जागा सार्वजनिक सोयीसाठी राखून ठेवलेली असते, यालाच आरक्षण म्हणतात. चौकोनाच्या आत आरक्षणाचा क्रमांक असतो आणि सूचीत त्या क्रमांकापुढे लिहिलेलं असतं, 'क्रीडांगण'. आता अशी जागा प्रत्यक्षात कशी असते ते पाहू. पत्र्याचं कुंपण, कमरेएवढं गवत, कडेला टायर उतरवलेला टेम्पो, आणि मालकी हक्काच्या कागदांवर अजून मूळ मालकाचंच नाव. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत असे भूखंड सापडतील. आसपास राहणाऱ्यांना वाटतं, आरक्षण पडलं म्हणजे जागा पालिकेची झाली. तसं होत नाही. जागा मालकाचीच राहते, फक्त तिचा वापर गोठतो. मालकाला तिथे घर बांधता येत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळत नाही. आणि मुलांना मैदानही मिळत नाही.

हे सगळं चालतं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ सालीच आला होता. शहरांनी विकास आराखडा केलाच पाहिजे, हे बंधन १९५४ च्या कायद्याने घातलं, आणि १९६६ च्या कायद्याने त्याला आजची चौकट दिली. प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी मंजुरी देतं राज्य सरकार. मंजूर आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो.

पण आरक्षणाचं खरं आयुष्य ठरवतं ते कलम १२७.

हे कलम सांगतं, की अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी पालिकेला, नोटीस देऊ शकतो. सोबत मालकीची कागदपत्रं जोडायची. नोटीस पोहोचली, की पालिकेचे दिवस मोजायला सुरुवात होते. आधी ही मुदत सहा महिन्यांची होती. २००९ मध्ये ती बारा महिने झाली आणि २०१५ मध्ये चोवीस महिने. तेवढ्यात जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाच्या दिशेने पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. बोलीभाषेत, आरक्षण उठतं. मग शेजारच्या जागेवर जे बांधता येतं, ते इथेही बांधता येतं.

पालिका अशा वेळी काय करायच्या? सभेत ठराव करायचा, जिल्हाधिकाऱ्यांना भूसंपादनाचा प्रस्ताव पाठवायचा आणि पाऊल उचललं म्हणून सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात हा मार्ग बंद केला. नुसतं पत्र पाठवणं म्हणजे पाऊल नव्हे, जमीन संपादित करण्याची रीतसर घोषणा मुदतीत व्हायला हवी, असं न्यायालयाने म्हटलं. माझ्या मते हा न्याय रास्तच होता. एखाद्या कुटुंबाची वडिलोपार्जित जागा वर्षानुवर्षं नकाशावर अडकवून ठेवायची आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही, हा अन्याय आहे.

अडचण पैशाची आहे. जुन्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळायची. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ती १०० टक्के झाली. म्हणजे शहरात बाजारभावाच्या किमान दुप्पट. जमीनमालकाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण उद्यानं, शाळा, दवाखाने, मंड्या यांची आरक्षणं आराखड्यावर टाकताना ती घ्यायला पैसा कुठून येणार, हा हिशोब बहुतेक शहरांनी मांडलेलाच नसतो.

रोख मोबदल्याशिवाय दुसरे रस्तेही आहेत. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर, म्हणजे हस्तांतरित करता येणारा विकास हक्क, आणला. मालकाने जागा पालिकेला सोपवायची आणि बदल्यात बांधकामाचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपात घ्यायचा. तो हक्क मालक दुसरीकडे वापरतो किंवा विकतो. दुसरा रस्ता समावेशक आरक्षणाचा. मालक ठरलेली सुविधा स्वतः बांधून पालिकेला देतो आणि उरलेल्या भागावर आपला विकास करतो. मंडईसारख्या सुविधेला हे जमतं. मैदानाला मात्र मोकळी जमीनच लागते, तिथे असं करू म्हटलं तर मैदानच लहान होतं.

आणि इथे एक गोष्ट मला फार टोचते. दहा वर्षं झाली, की मालकाला नोटीस देता येते. मैदानाची वाट बघणाऱ्या वस्तीला मात्र असं कुठलंही कलम नाही. मुदत कधी भरते याची तारीख मालकाचा वकील लिहून ठेवतो. वस्तीत ती कुणी लिहून ठेवत नाही.

लोकांनी नकाशा वाचला, तर काय होऊ शकतं हे मुंबईने दाखवलं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. रस्ते, प्रार्थनास्थळं, वारसा वास्तू यांच्या नोंदींत चुका निघाल्या. आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात विकास सुचवल्याने संताप झाला. रहिवासी संघटना, वास्तुरचनाकार, मच्छीमार, सगळे आपापल्या भागाचा नकाशा घेऊन बसले आणि हरकतींचा ढीग पडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित आराखड्याला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली.

मंजुरीनंतरही आरक्षण बदलता येतं, कलम ३७ खाली. त्याची सूचना वृत्तपत्रात येते आणि हरकतीला एक महिना असतो. ती सूचना बारीक टायपात, निविदांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या शेजारी छापलेली असते. त्या पानावर आपल्या पेठेचं, गावठाणाचं, सर्व्हे नंबरचं नाव दिसलं, तर कात्रण काढून ठेवा आणि महिना संपायच्या आत लेखी हरकत द्या. पोच घ्यायला विसरू नका.

मुंबईचा सध्याचा आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यात नव्याने टाकलेल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२८ च्या सप्टेंबरमध्ये भरतील.