एक नावाचा माणूस

(बॉस्टनजवळ कोजागिरीला, ऑक्टोबर २०२२ मध्ये दिलेल्या छोटेखानी व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, दूध आटतंय तोवर मला दहा मिनिटं मिळाली आहेत. परवा दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, आपण सोनं वाटत होतो तेव्हा फेनवे पार्कमध्ये बॉस्टनच्या बेसबॉल संघाचा, रेड सॉक्सचा, हंगामातला शेवटचा सामना चालू होता. संघ तळाला, सामन्याला अर्थ शून्य. तरी मी टीव्हीसमोरून हललो नाही, कारण डेनिस एकर्स्ली शेवटचं समालोचन करत होता. इथे त्याला सगळे ‘एक’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव ऐकताक्षणी आवडतं.

खेळाडू म्हणून तो दोनदा जन्मला. आधी सुरुवातीपासून गोलंदाजी करणारा पिचर: १९७७ मध्ये नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला सामनाभर एकही ‘हिट’ न मिळू देणं, १९७८ मध्ये बॉस्टनसाठी २० विजय. मग दारू. मुलीसमोर प्यायलेल्या अवस्थेतला त्याचा व्हिडिओ घरच्यांनीच त्याला दाखवला आणि १९८७ च्या सुरुवातीला तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला. त्याच वर्षी तो ओकलंडच्या संघात आला. तिथे व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी त्याला शेवटच्या डावापुरता आणायला सुरुवात केली. एक डाव टाकणारा एक! १९९० मध्ये ७३ डावांहून जास्त गोलंदाजी करून त्याने फक्त चौघांना वॉक दिला. आपल्या भाषेत सांगायचं तर वाइडसारखे चार चेंडू टाकून फलंदाजाला फुकट पहिल्या बेसवर जाऊ देणं, तेही अख्ख्या मोसमात चारदाच.

पण मला सांगायचंय ते १५ ऑक्टोबर १९८८ बद्दल. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, लॉस एंजेलिस. ओकलंड ४-३ ने पुढे, नववा म्हणजे शेवटचा डाव, तिघांपैकी दोन बाद. एकने एकाला वॉक दिला आणि बदली फलंदाज म्हणून लॉस एंजेलिसचा कर्क गिब्सन लंगडत आला. दोन्ही पाय दुखावलेले. आणखी एक स्ट्राइक, म्हणजे त्याचा एक चेंडू हुकला, की तो बाद आणि सामना संपला. एकने स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा चेंडू, टाकला, गिब्सनने जवळजवळ हातांच्या जोरावरच तो प्रेक्षकांत भिरकावला. होमरन! बेसवरचा आणि तो स्वतः, दोन धावा. ५-४. त्यानंतर एक लॉकरसमोर उभा राहिला आणि पत्रकारांचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरं देत राहिला. तोंड लपवून कोपऱ्यातून सटकला नाही.

आज सामना तिथेच संपवणाऱ्या अशा फटक्याला सगळं जग ‘वॉक-ऑफ’ म्हणतं. जिंकणारे उड्या मारतात, म्हणून तो आनंदाचा शब्द वाटतो. पण तो रुजवला एकने, आणि त्यातला चालत जाणारा माणूस हरलेला पिचर आहे. चेंडू कुठे पडला हे बघायचीही गरज नाही. मान खाली, मैदानाबाहेर.

हीच नजर घेऊन तो २००३ पासून समालोचनाला बसला. वेगवान चेंडू म्हणजे ‘चीझ’, होमरन खाणं म्हणजे ‘ब्रिज’. खेळाडूनेच भाषा घडवावी, ही गंमत आपण बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनात अनुभवलेली आहे. पण एक घरच्या संघालाही सोडत नसे. २०१७ मध्ये एका खेळाडूचे आकडे पडद्यावर बघून तो नुसतं ‘यक्’ म्हणाला, तर रेड सॉक्सच्याच एका बड्या पिचरने विमानात सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं. गिब्सनचा तो चेंडू वर्षानुवर्षं टीव्हीवर बघत आलेल्या माणसाने निदान ‘यक्’ म्हणावं, एवढा हक्क तर त्याला होताच ना?

गेल्या वर्षी त्याचा जुना सहखेळाडू आणि समालोचनातला जोडीदार जेरी रेमी गेला. आता हाही निघाला, कॅलिफोर्नियाला, नातवंडांजवळ. तिथल्या फ्रीमॉन्टमध्ये तो लहानाचा मोठा झाला. तुमच्यापैकी निम्म्यांचे मेहुणे किंवा भाचे सध्या तिथेच राहतात. वाणसामानाच्या दुकानात लांब केसांचा, मिशीवाला, काटकुळा म्हातारा दिसला, तर त्यांना म्हणावं, गिब्सनचा विषय बेलाशक काढा. तो उत्तर देईल.