आजीला सुट्टी कधी?

नमस्कार मंडळी. मागे बटाटेवडे तळायला घेतलेत, त्यामुळे तुमचं लक्ष कुठे आहे ते मला माहीत आहे. लवकर आटपते.

परवा माझ्या सात वर्षांच्या लेकीनं सासूबाईंना विचारलं, "आजी, आई तुला पगार किती देते?" सासूबाई खळखळून हसल्या. नवऱ्यानं डोकं लॅपटॉपमध्ये खुपसलं. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना.

आपल्यातल्या कितीतरी जणी अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आलो. पदवी बॅगेत आणि नोकरीला बंदी. मग ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांच्या चकरा, मुलांचे डबे, सकाळी उठल्या उठल्या घरी फोन. २६ मे २०१५ पासून नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डचं काम पुढे सरकलं होतं, त्यांना ईएडी, म्हणजे नोकरी करायचा परवाना, मिळायला लागलं. आम्ही नोकऱ्या धरल्या. मग घरी पोळ्या कोण लाटायला लागलं? नवरे? (हशा)

आज्या! सहा महिने तुझी आई, सहा महिने माझी. तिकिटं अशी काढायची की एक गेली की दुसरी हजर. माझ्या सासूबाईंकडे सांगलीत धुण्याभांड्याला एक आणि पोळ्यांना एक, अशा दोन बायका आहेत. इथे त्या साडेपाचला उठतात, डबे भरतात, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडतात. डिशवॉशरवर विश्वास नाही, म्हणून भांडी आधी हातानं घासून मग त्यात लावतात. गाडी येत नाही, म्हणजे आम्ही नेऊ तेव्हाच बाहेर. आणि मी संध्याकाळी येऊन पर्स टाकत म्हणते, "आई, जरा आराम करत जा हो."

भारत सरकारनं २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांचे त्यात रोजचे सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. आणि हे ८८सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचे. जे करतच नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. समोरच्या रांगेत टाळ्या जरा कमी पडल्या वाटतं.

आपलं मंडळ तरी कुठे वेगळं आहे? भोजन समितीत झाडून सगळ्या बायका. गणपतीत मोदक वळायला भारतातून आलेल्या आया आणि सासवा, आणि स्मरणिकेत आभार 'सर्व संबंधितांचे'. अध्यक्षसाहेब, हसताय काय? पुढच्या वर्षी नावं छापा.

लेकीचा पुढचा प्रश्न आणखी अवघड होता: "पगार नाही, तर मग आजीला सुट्टी कधी असते?" सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे आले तीच माझी सुट्टी." त्या हे मनापासून म्हणाल्या की माझं मन राखायला, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये त्या परत जातील. गुडघे आत्ताच कुरकुरताहेत. माझी आई "येते" म्हणते, पण तिला एकटीनं प्रवास झेपेल का? आणि उद्या हीच लेक मला "सहा महिने ये ना गं" म्हणाली, तर मी नोकरी, पेन्शन, मैत्रिणी सोडून जाईन? आज तरी मला उत्तर देता येत नाही.