दोन कॅटांचा देश

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

‘चार भाषा, एक देश’ असं कार्यक्रमपत्रिकेवर छापलंय, तेव्हा भाषांकडे मी येणारच आहे. पण आधी पत्ते.

हसू नका. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला टिटलिसचं बर्फ आणि सिनेमातली गाणी आठवतात. सहलीवाले तर कुकू क्लॉकही ‘स्विस परंपरा’ म्हणून गळ्यात मारतात. ते जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं. मी एका गाइडला तसं म्हटलं, तर म्हणतो, ‘काका, लोक घेतात ना!’ पुढे काय बोलणार? आणि ‘तिथे प्रत्येकाला चारही भाषा येतात’ हे तर प्रत्येक भाषणात असतंच. येत नाहीत हो! झुरिकचा मुलगा नि जिनिव्हाचा मुलगा भेटले की बऱ्याचदा इंग्रजीत बोलतात.

तर पत्ते. खेळाचं नाव यास. ३६ पत्ते, चौघे जण, दोन जोड्या. हुकमाचा गुलाम सर्वांत मोठा, त्याखालोखाल हुकमाची नव्वी. तीनशे चार खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. गुलामाचे २०, नव्वीचे १४, शेवटचा हात केला की वर ५. डावाचे एकूण १५७. पण कॅट दोन आहेत. पश्चिमेकडे आपले नेहमीचे बदाम-इस्पिक. पूर्वेकडे ओकची फळं, ढाली, घुंगरं आणि गुलाब. आणि त्या कॅटात राणीच नाही! राजाखाली ओबर, त्याच्याखाली उंटर, दोघेही बाप्ये. पहिल्या रांगेतून काहीतरी आलं, ऐकलं मी. ताई, देशपातळीवर मताचा हक्कच बायकांना १९७१ साली मिळाला, पत्त्यांत कुठून जागा मिळणार?

आता या दोन कॅटांची हद्द कुठे? जर्मन आणि फ्रेंच जिथे भेटतात तिथे, असंच वाटतं ना? ती भाषांची हद्द फ्रिबुर्गच्या बाजूला, सारीन नदीच्या आसपास. पत्त्यांची हद्द बरीच पूर्वेला, ब्रूनिग खिंड, नाप्फ डोंगर, रॉइस नदी अशी. म्हणजे बर्नचा माणूस बोलतो जर्मन, पिसतो फ्रेंच पत्ते. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रिखार्ड वाइस यांनी १९४७ साली ही रेषा मांडली. तिच्या आसपास गाईसुद्धा बदलतात. पूर्वेला एकरंगी तपकिरी, पश्चिमेला बांड्या सिमेंटल.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग मुद्दा.

तिथल्या रेघा एकमेकींवर बसत नाहीत, म्हणून तो देश टिकलाय असं माझं म्हणणं आहे. ज्याच्याशी भाषेवरून वाजायचं, तोच धर्माने आपला निघतो. जिनिव्हा फ्रेंच, पण धर्मसुधारक काल्विनचं, प्रॉटेस्टंट परंपरेचं. फ्रिबुर्ग बहुतांशी फ्रेंच, पण कॅथलिक. अपेंझेलची भाषा एकच, तरी धर्मावरून १५९७ मध्ये दोन तुकडे. चार भाषांतली रोमान्श बोलणारे मूठभर, तरी १९३८ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त मतं तिला राष्ट्रभाषा करायच्या बाजूने पडली.

आणि जिथे रेघा एकावर एक बसल्या, तिथे पेटलं. बर्न जर्मन आणि प्रॉटेस्टंट, त्याच्या ताब्यातला उत्तर जुरा फ्रेंच आणि कॅथलिक. १९७९ मध्ये तो वेगळा कॅन्टन, म्हणजे वेगळं राज्य झाला. दक्षिणेकडचे, फ्रेंचच पण प्रॉटेस्टंट, ते बहुतेक बर्नमध्येच राहिले! बेळगावचं नाव मी घेत नाही, नाहीतर अध्यक्ष मला खाली बसवतील.

उंस्पुनेनचा दगड मात्र सांगूनच जातो. साडेत्र्याऐंशी किलोचा हा दगड उत्सवात पैलवान फेकतात. दक्षिण जुराही बर्नपासून तोडू पाहणाऱ्या जुरावादी पोरांनी तो १९८४ मध्ये इंटरलाकेनजवळच्या संग्रहालयातून पळवला. २००१ मध्ये परत दिला तो युरोपीय संघाचे तारे कोरून, म्हणजे वजनही घटवून. २००५ मध्ये पुन्हा गेला. उत्सवात आता नक्कल फेकतात.