दोह्यातला ईस्टर शनिवारी रात्री

कतारमध्ये कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. त्यामुळे दोह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना गुड फ्रायडेची सुट्टी आपोआप मिळते, पण ईस्टरच्या सकाळी बहुतेकांना कामावर जावे लागते. म्हणून सण शनिवारी रात्री. त्यात उणे काहीच नाही. जागरणविधी हाच ईस्टरचा मुख्य विधी आहे, आणि त्यातली मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) ईस्टरचीच धरली जाते.

मेसाइमीर भागातले हे अवर लेडी ऑफ द रोझरी चर्च २००८ मध्ये उघडले. बाहेर क्रूस दिसत नाही, घंटाही नाही. एरवी शुक्रवारी इथे मिस्सा असतात; गुड फ्रायडेला एकही नसते, फक्त येशूच्या दुःखसहनाचा विधी. सवयीने सकाळी निघालेल्यांचा हेलपाटा होतो, म्हणून त्या आठवड्याचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवा. फाटकावरच्या तपासणीसाठी वेळ हाताशी ठेवा.

जागरणविधी अंधार पडल्यावरच सुरू होतो. एप्रिलच्या सुरुवातीला दोह्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, हे लहान मुलांच्या घरांना सोयीचे. नव्या अग्नीवर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटते. तिच्यावर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली-शेवटची अक्षरे आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतात. ती ज्योत हातोहात पुढे जाते. इथे पेटलेली मेणबत्ती सरळ धरा आणि न पेटलेली तिच्याकडे झुकवा. उलटे केले की गरम मेण शेजाऱ्याच्या हातावर. एसीच्या झोतापासून ज्योत तळहाताने आडोशाला घ्या. जुन्या करारातली सात वाचने असतात. ती कमी करता येतात, पण तांबडा समुद्र ओलांडण्याचे वाचन गाळता येत नाही. मग ग्लोरिया हे स्तुतिगीत, आणि गुरुवारपासून मुक्या असलेल्या वेदीजवळच्या घंटा वाजू लागतात. हा क्षण चुकवू नका. उशिरा येणाऱ्यांचा नेमका हाच हुकतो.

घरी मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या मिठाईची, अंडी हवीतच. ती शनिवारी सकाळी करा, रात्रीपर्यंत वाळतात. पाव किलो काजू, तितकीच पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा बलक, चमचाभर गुलाबपाणी. काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवले की भांडे तापते, तेल सुटते आणि गोळा तेलकट होतो. सगळे एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण कडा सोडू लागले आणि चिमूटभर गोळी बोटांना चिकटेनाशी झाली, की उतरवा. गोळ्याला चिरा पडल्या तर तो जास्त आटला आहे: गुलाबपाण्याचे थोडे थेंब घालून मळा. साच्यात आकार राहत नसेल तर पुन्हा आचेवर ठेवा.

तयार अंडी फ्रिजमध्ये नकोत. बाहेर काढताच त्यांना पाणी सुटते आणि रंग ओघळतो. एसीच्या खोलीत जाळीवर वाळवा. रविवारी मुलांच्या डब्यात देण्याआधी शाळेचा नियम बघा, काही शाळांत काजू-बदामांना मनाई असते.