तिसरी गुंडी

(दृश्य: खिडकीपाशी खुर्ची. सुरकुतलेली बोटं स्वेटरच्या गुंडीशी झटतायत.)

सकाळचे सव्वासात. आजींच्या स्वेटरला पाच गुंड्या. दोन लावून झाल्यात. तिसरी काजापर्यंत जाते आणि निसटते. पुन्हा निसटते. त्यांची देखभाल करणाऱ्या ताई शेजारी बसल्यात, हात मांडीवर. मनात आणलं तर अर्ध्या मिनिटात त्या पाचही लावून मोकळ्या होतील. पण त्या नुसत्या बसून आहेत.

वृद्धांना सांभाळणारं हे छोटं घर आठ जणांचं. आठ खोल्या, एक स्वयंपाकघर, सगळे मावतील असं एक टेबल. इथल्या कुणालाच आता एकट्यानं राहणं जमत नाही, पण रुग्णालयात पडून राहावं इतकं आजारीही कुणी नाही. एकाला आंघोळीला हात लागतो, दुसऱ्याला उठताना आधार, तर तिसऱ्याला गोळ्यांची आठवण करून द्यावी लागते.

हा ‘हात लागणं’ मोजायचा कसा, याचं एक साधं माप अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलं. त्यांनी रोजची सहा कामं वेगळी काढली: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाऊन येणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि हातानं जेवणं. यांतलं काय जमतं, काय नाही, हे आजही विचारलं जातं. कॅट्झ यांना आणखी एक गोष्ट दिसली. लहान मूल जे शेवटी शिकतं, ते म्हातारपणी बहुधा आधी सुटतं. आंघोळ आधी जाते. घास तोंडापर्यंत नेणं सगळ्यात शेवटी.

पण आंघोळीला मदत म्हणजे नेमकी किती? पाठीला साबण लावण्यापुरती, की डोक्यापासून पायापर्यंत? ‘करून देणं’ आणि ‘करू देणं’ यांत फरक एका अक्षराचा आहे. प्रत्यक्षात तो रोजच्या कित्येक मिनिटांचा असतो. जिथं एकाच बाईला नाश्त्याआधी लांबलचक ओळीतल्या खोल्या उरकायच्या असतात, तिथं ही मिनिटं तिनं आणायची कुठून? गुंड्या तीच लावते. त्यात तिचा दोष नाही. पण बोटांची सवय मोडते, स्नायू झिजतात, आणि काही महिन्यांनी ते काम माणसाच्या हातून कायमचं जातं.

१९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, तुमच्या दिवसाचं तुम्हीच ठरवा. आणि निवडून घेतलेलं एक रोप सांभाळायला दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालायच्या. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त सावध होती, जास्त हिंडत-फिरत होती.

(दृश्य: स्वयंपाकघर. आजोबा सावकाश टेबल पुसतायत.)

छोट्या घरांची कल्पनाही अशाच विचाराची. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो इथं २००३ साली डॉ. बिल थॉमस यांच्या कल्पनेतली ‘ग्रीन हाउस’ घरं उघडली. प्रत्येकात दहा माणसं, प्रत्येकाची स्वतंत्र खोली आणि न्हाणीघर. जी ताई आंघोळ घालते, तीच स्वयंपाक करते, तीच शेजारी बसून जेवते. जपानमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी अशी घरं आहेत. तिथं एका गटात पाच ते नऊच माणसं.

म्हणून छोटं घर म्हणजे चांगलं घर, असं मात्र समजू नका. चार भिंतींच्या आत काय चाललंय हे बघायला इथं डोळेही कमीच असतात. एक ताई काम सोडून गेली तर अख्ख्या घराची घडी विस्कटते. आणि एखाद्याला उचलायला दोन माणसं लागत असतील, पण रात्री एकच हजर असेल, तर तो धोका आहे. तिथं मायेनं भागत नाही. आपलं माणूस अशा घरात ठेवायचं असेल तर पडदे आणि रंग नंतर बघा. रात्री कोण जागं असतं ते विचारा. कामावरची माणसं किती वर्षं टिकून आहेत ते विचारा. न कळवता आलो तर चालेल का, हेही विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

(दृश्य: रात्र. बोळात मंद दिवा.)

अशा घराची खरी परीक्षा रात्री होते. जे अंथरुणाला खिळलेत त्यांना ठरावीक वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. जे चालतात, त्यांचा तोल झोपेतून उठून न्हाणीघराकडे जाताना सुटतो.

तीनला पाच मिनिटं कमी. कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा रोज याच सुमाराला उठतात. रात्रपाळीच्या ताईंना ते पाठ आहे. त्या आधीच जाऊन न्हाणीघराचा दिवा लावतात, वाटेतलं स्टूल बाजूला सरकवतात आणि दाराशी उभ्या राहतात. आजोबा पलंगाच्या काठाशी बसतात. चपला शोधतात. उठतात. ताईंचा हात त्यांच्या कोपराखाली आहे, वीतभर अंतरावर.